दुधाची वाट कुठून जाते, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं नोकरी करणारं जोडपं, सोबत सासूबाई. सकाळी घाईत दोन कॅपुचिनो, दुपारी सासूबाईंना 'चटका बसेल अशी' दुधाची कॉफी, शनिवार-रविवारी चार-सहा पाहुणे. बटण दाबलं की दाणे दळण्यापासून फेसापर्यंत सगळं करणारं यंत्र हवंय. डेलॉन्गी, फिलिप्स आणि ज्युरा या तिघांत गाडी अडली आहे. फेस कोणाचा सरस, आणि दिवाळीला जर्मनीहून येणाऱ्या भावाकडून यंत्र मागवावं का, असं विचारलंय.

मी ही यंत्रं दुरुस्त करतो. आधी कॅफेतली करायचो, आता बहुतेक घरातली. दुकानदाराला यंत्र पहिल्या दिवशी दिसतं, मला दीड वर्षाने दिसतं. तोवर बिघडलेली गोष्ट कॉफीच्या बाजूची क्वचितच असते. बहुतेक वेळा ती दुधाच्या बाजूची असते. म्हणून कॉफीची बाजू चार ओळींत उरकतो.

खोक्यावर १५ बार, १९ बार असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो पंपाचा जोर आहे. एस्प्रेसो उतरायला साधारण ९ बार पुरतात. दळायचं चक्र पोलादी असो की सिरॅमिक, घरच्या वापरात चवीत फरक सांगता येईल असा माणूस मला अजून भेटलेला नाही. पडद्यावर बारा पेयं आहेत की अठरा, हेही सोडून द्या. महिन्याभरात तुम्ही दोनच बटणं दाबत असाल. चांगले, ताजे भाजलेले दाणे घातले आणि दळण थोडं बारीक ठेवलं, तर तिन्ही कंपन्यांची काळी कॉफी तुम्हाला आवडेल.

आता दूध. या सगळ्या यंत्रांतली फेसाची युक्ती एकच आहे. बारीक तोंडातून वाफ जोरात सुटते, तिच्या वेगाने मागे दाब कमी होतो, त्या ओढीने दूध वर येतं आणि एका टाचणीएवढ्या भोकातून हवाही आत ओढली जाते. वाफ, दूध आणि हवा एका छोट्या खोलीत घुसळली जातात आणि फेस होऊन कपात पडतात. यात फिरणारा भाग नाही, मोटार नाही, बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. तरी बिघडतं, कारण ते भोक टाचणीएवढं आहे आणि दूध वाळलं की गोंद होतं. भोक बुजलं की हवा येत नाही. मग यंत्र फुर्रफुर्र करत नुसतं कोमट दूध ओततं आणि मला फोन येतो, 'पंप गेलाय बहुतेक.' पंप ठणठणीत असतो. तुमच्याकडच्या सुईने ते भोक मोकळं करून मी व्हिजिट चार्ज घेतो आणि मलाच ओशाळल्यासारखं होतं.

म्हणून यंत्र निवडताना 'फेस कसा?' याच्याबरोबर 'दूध ज्या वाटेने जातं ती वाट मला हाताने उघडून धुता येते का?' हेही विचारा. तिन्ही कंपन्यांनी या वाटेची सोय वेगवेगळी केली आहे.

फिलिप्सच्या लॅटेगोमध्ये नळीच नाही. दुधाचा डबा पुढून खट्‌कन बसतो आणि डब्यामागेच घुसळायची गोल खोली असते. डबा काढून दोन तुकडे वेगळे केले की दुधाचा सगळा मार्ग उघड्या पन्हळीसारखा समोर दिसतो. नळाखाली धरा, पंधरा-वीस सेकंदांत काम झालं. दूध लपून बसेल असा कोनाडा त्यात नाही. फेस मात्र तिघांत साधा. वर थोडे मोठे बुडबुडे येतात, आणि स्वस्त मॉडेलांत फेस जाड-पातळ करता येत नाही, फक्त दुधाचं प्रमाण बदलतं. डबाही लहान, साधारण पाव लिटरचा. दोन कॅपुचिनो झाल्या की पुन्हा भरा. सहा पाहुण्यांना तुम्ही तीनदा फ्रीजकडे जाल.

डेलॉन्गीच्या लॅटेक्रेमाचा डबा मोठा. त्याच्या झाकणावरचं चक्र फिरवलं की फेस कमी-जास्त होतो. फेस घट्ट आणि बारीक येतो, चमचा उभा राहील असा. कॅपुचिनोवाल्यांना तो बघताक्षणी आवडतो. शेवटी चक्र 'क्लीन'वर नेलं की गरम पाणी आणि वाफ तोटीतून निघून जाते. इथे लोक फसतात. तोटी धुतली म्हणजे सगळं धुतलं असं त्यांना वाटतं. डब्यात दुधात बुडालेली नळी आणि चक्राच्या पोटातली जागा त्याने स्वच्छ होत नाही. ती दर दोन दिवसांनी तरी सुटी करून कोमट साबणपाण्यात टाकावी लागते. सुटे भाग चार-पाच आहेत आणि प्रत्येकाची बसायची दिशा ठरलेली आहे. भांडी घासणाऱ्या मावशींकडे हा डबा देऊ नका. मावशींचा दोष नाही, पण तारेच्या घासणीने रबरी रिंग एकदा चिरली की वाफ बाजूने निसटते, फेस पातळ होतो आणि कारण महिनोन्‌महिने कळत नाही.

त्यांच्याच मॅग्निफिका एसच्या साध्या मॉडेलांत डबा नाही, वाफेची दांडी आहे. तिच्यावर एक जाड टोपण असतं आणि त्याला हवेचं भोक. स्टीलच्या जगमध्ये दूध घेऊन फेस स्वतः करायचा. यादीत ते 'कमी दर्जाचं' म्हणून खाली दाखवतात, पण ज्याला हात बसलाय त्याच्यासाठी ते उत्तम आहे. टोपण ओढून काढलं, पुसलं, एकदा वाफ सोडली, संपलं. वाफ सोडायची मात्र विसरू नका. दांडी गार होताना थोडं दूध आत ओढून घेते. सकाळच्या घाईत दोघांपैकी कोणी जग धरून उभं राहणार नसेल तर हा नाद सोडा.

ज्युरा स्विस कंपनी आहे आणि तिकडे तिचा उच्चार 'यूरा' करतात. आपल्याकडे सगळे ज्युराच म्हणतात, मीही तेच लिहितो. फेसाच्या पोताच्या बाबतीत माझ्या मते तिघांत ती पुढे आहे. मऊ, चकचकीत, दाट, जवळजवळ कॅफेतल्या हाताच्या फेसाजवळ जाणारा फेस येतो. दुधाची नळी बाहेर येते, ती कुठल्याही भांड्यात सोडा, अगदी लिटरच्या जगमध्येही. तुमच्या रविवारच्या पाहुण्यांसाठी ही मोठी सोय आहे. पण फेस होतो ती जागा लहान आणि झाकलेली. त्यामुळे प्रत्येक वापरानंतर पाणी फिरवायचं, आणि दूध घेतलेल्या दिवशी कंपनीच्या द्रावणाने नळी धुवायची. यंत्र स्वतः पडद्यावर आठवण करून देतं, थोडं मास्तरांसारखं. ते ऐकणाऱ्या घरांत ही यंत्रं वर्षानुवर्षं सुरेख चाललेली मी पाहिली आहेत. न ऐकणाऱ्या घरांत उघडलेली नळी मात्र पाहवत नाही.

दुसरा फरक असा की फिलिप्स आणि डेलॉन्गीचा कॉफी दाबणारा भाग, ज्याला आम्ही ब्रू ग्रुप म्हणतो, दार उघडून हाताने काढता येतो. आठवड्यातून एकदा नुसत्या पाण्याने धुवायचा. साबण लावायचा नाही, त्यावरचं वंगण जातं. यंत्र बंद झाल्यावरच काढा. मध्येच ओढाल तर तो अर्ध्या वाटेत अडकतो. ज्युराचा हा भाग आतच असतो, गोळी टाकून यंत्र तो स्वतः धुतं. हात घाण होत नाहीत, पण आत काय चाललंय तेही दिसत नाही आणि दुरुस्तीला यंत्र खोलावंच लागतं. मी दुरुस्तीवाला असल्यामुळे उघडता येणाऱ्या गोष्टींकडे माझा कल आहे, हे धरूनच माझं मत वाचा.

एक प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव राहू दे. औंधमधलं एक कुटुंब चार दिवस महाबळेश्वरला गेलं आणि दुधाचा डबा यंत्रालाच लटकवून गेलं. मे महिना होता. परत आल्यावर आधी वास, मग फोन. मी नळी काढली तर आत दही लागलं होतं, तेही चांगलं घट्ट. घरातल्या आजी म्हणाल्या, 'विरजण मात्र छान लागलंय हो.' डबा काढून फ्रीजमध्ये ठेवणं हे या यंत्रांचं निम्मं पथ्य आहे. फिलिप्स आणि डेलॉन्गी दोघांचे डबे त्यासाठीच सुटे होतात.

आता यंत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट, म्हणजे दूध. फेस उभा राहतो तो दुधातल्या प्रथिनांच्या जोरावर. स्निग्धांश चव आणि मऊपणा देतो, पण फार झाला तर फेस जड होऊन बसतो. म्हणून ६ टक्के फॅटच्या फुल क्रीम दुधाचा फेस कमी फुगतो आणि ३ टक्क्यांच्या टोन्ड दुधाचा चांगला फुगतो. दीड टक्क्याचं डबल टोन्ड तर भरपूर फेस देतं, फक्त चवीला पाणचट लागतं. घरी गाईच्या दुधाची पिशवी येत असेल तर तीच वापरा, माझ्या मते तोच मधला मार्ग आहे. म्हशीचं दूधच आवडत असेल तर तेही चालतं. फेस कमी आणि दाट येईल, कॉफी जड लागेल. काहींना तीच हवी असते.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे साय. आपण दूध तापवतो, त्यावर साय धरते आणि तिचा एक धागा त्या नळीत गेला की खेळ संपला. परदेशी माहितीपुस्तिकेत यावर एक ओळ सापडणार नाही, कारण तिथे घरी दूध तापवायची रीत नाही. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं. यंत्रासाठी एक पिशवी वेगळी ठेवा, न तापवता थेट फ्रीजमधून डब्यात ओता. गवळ्याचं सुटं दूध असेल तर तापवायलाच हवं, त्यात तडजोड नाही. मग ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, साय काढा आणि मलमलच्या फडक्यातून गाळूनच डब्यात घाला.

दूध थंडगार हवं, ४-५ अंशांवरचं. गार दुधाला तापायला वेळ लागतो, तेवढा वेळ हवा मिसळायला मिळतो. ओट्याच्या वर अर्धा तास राहिलेल्या दुधाचा फेस तितका चांगला येत नाही. आणि कालपर्यंत मस्त येणारा फेस आज अचानक बसला, तर मला फोन करायच्या आधी दुसरी पिशवी फोडून बघा. जुनं होत चाललेल्या दुधात स्निग्धांश फुटून जे घटक सुटतात ते फेस मारतात. चवीत कळत नाही, फेसात आधी कळतं. दूध बदलूनही येत नसेल तर हवेचं भोक बघा, मग रबरी रिंग, मग डबा नीट बसलाय का ते. एवढ्यात बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

ओटचं किंवा सोयाचं दूध घेत असाल तर ज्यावर 'बरिस्ता' लिहिलंय तेच घ्या. त्यात तेल आणि आम्लता सांभाळणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे कॉफीत पडल्यावर ते फाटत नाही. साधं ओटचं दूध मात्र फाटू शकतं.

आता सासूबाईंची कॉफी. इथे स्पष्ट सांगतो, यातलं कुठलंच यंत्र त्यांना समाधान देणार नाही. फेसाचं दूध साधारण ५५ ते ६५ अंशांवर थांबवतात आणि ते मुद्दाम. ७० च्या पुढे दुधातली प्रथिनं उलगडतात, फेस खरखरीत होतो आणि तापल्या दुधाचा वास येतो. इटलीत तो दोष आहे, सासूबाईंना तोच वास म्हणजे कॉफी. दोघंही बरोबर आहेत. पुण्या-मुंबईत मला सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार 'यंत्र गार कॉफी देतं' हीच आहे, आणि ती दुरुस्त करता येत नाही. कप गरम पाण्याने विसळून घेतला, सेटिंगमध्ये तापमान सर्वांत वरचं ठेवलं आणि पहिल्या कपाआधी पाण्याचा एक फेरा सोडला, तर थोडा फरक पडतो. त्यांच्यासाठी गॅसवर पातेल्यात दूध उकळा आणि यंत्रातून दोन एस्प्रेसो काढून त्यात ओता. साखर पातेल्यातच घाला. माझ्या आईची कॉफी मी घरी अशीच करतो, आणि आमच्याकडे तर तीन यंत्रं आहेत.

सासूबाई फिल्टर कॉफीची पूड वापरत असतील तर ती यंत्रात घालू नका, वरच्या पुडीच्या कप्प्यातही नको. त्या पुडीत मिसळलेली चिकोरी ओली झाली की चिकट होते आणि ब्रू ग्रुपची जाळी बुजवते. तिला तिचा पितळी फिल्टरच बरा. दाणे चिकमगळूरचे किंवा कूर्गचे, मध्यम भाजलेले घ्या. तेलाने चमकणारे काळे दाणे कप्प्यात चिकटून राहतात, खाली घसरत नाहीत, आणि यंत्र 'दाणे संपले' म्हणत बसतं.

थंड फेस हवा असेल तर डेलॉन्गीच्या एलेटा एक्सप्लोरसारख्या मॉडेलांत त्यासाठी वेगळं झाकण येतं. त्यात वाफ न वापरता गार दूधच फेसाळतं. एप्रिल-मेमध्ये छान वाटतं. पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी स्वतःला विचारा की वर्षात किती महिने प्याल. दोनच महिने प्यायची असेल तर काही शे रुपयांचा हातातला बॅटरीवरचा घुसळा पुरतो.

पाण्याबद्दल एवढंच, की महापालिकेचं पाणी असेल तर काळजी कमी. टँकर किंवा बोअरचं असेल तर सोबत आलेल्या पट्टीने कठीणपणा मोजून यंत्रात तो आकडा भरा, नाहीतर क्षार वाफेच्याच वाटेत साठतील आणि पुन्हा फेसच मरेल. आरओचं अगदी मऊ पाणी क्षारांपासून वाचवतं, पण त्याची कॉफी बेचव लागते आणि काही यंत्रांना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. क्षार काढायला कंपनीचं द्रावण वापरा. व्हिनेगर नको, त्याचा वास रबरात बसतो.

पावसाळ्यात चोथ्याचा डबा रोज रिकामा करा. दोन दिवसांत त्यावर बुरशीची दुलई येते. आणि झुरळं. ऊब, ओल, अंधार आणि कॉफी, झुरळाला याहून चांगला पत्ता कुठला मिळणार? मुंबईतल्या एका घरी यंत्राचा पडदा बंद पडला म्हणून मी मागचं झाकण काढलं, तर सर्किटवर एक झुरळ आडवं पडलेलं. यंत्र नवं होतं, सहा महिन्यांचं. वॉरंटीत झुरळ बसत नाही.

आता भावाचा प्रश्न. जर्मनीतली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे तिथलं यंत्र इथे व्यवस्थित चालतं. पिना वेगळ्या असतात, त्यासाठी चांगला १६ अँपियरचा अडॅप्टर लागेल. यंत्र साधारण दीड हजार वॉट ओढतं, म्हणजे ६ अँपियरच्या साध्या सॉकेटच्या वरच. फ्रीजच्या सॉकेटवर मल्टिप्लग लावून चालवू नका, इन्व्हर्टरवर तर नकोच. तरी मी मागवायला सांगणार नाही. तिथली वॉरंटी इथे सहसा धरत नाहीत, इथे न विकलेल्या मॉडेलचे भाग मिळायला महिने लागतात, आणि आठ-दहा किलोचं खोकं बॅगेत घातल्यावर चॉकलेटांना जागा उरत नाही. वर कस्टमची मर्यादा बघायची. अमेरिकेतून मात्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. मोठा ट्रान्सफॉर्मर लावला तरी पंपाची चाल बदलतेच. भावाला हवं तर दुधाच्या नळीचं द्रावण आणि क्षार काढायच्या बाटल्या आणायला सांगा, पण त्या चेक-इन बॅगेत टाकायला सांगा, केबिनमध्ये अडकतील.

तर तुमच्या घरासाठी माझी निवड. सकाळी आठला घाई, संध्याकाळी दोघंही दमलेले, आणि यंत्राचं पथ्य कोण सांभाळणार हे प्रश्नात लिहिलेलं नाही. म्हणजे कोणीच नाही. अशा घरात लॅटेगोवालं फिलिप्स घ्या. फेस उन्नीस-बीस असेल, पण तो दोन वर्षांनीही तसाच येत राहील, कारण ते रोज धुतलं जाईल. दोघांपैकी एकालाही रात्री डबा सुटा करायचा कंटाळा नसेल, तर लॅटेक्रेमावालं डेलॉन्गी घ्या. मी स्वतः घरी तेच वापरतो. ज्युरा पैशांसाठी नाकारत नाही, परवडत असेल तर फेस खरंच सुंदर आहे. पण ज्या घरात पाण्याच्या फिल्टरचं कार्ट्रिज वेळेवर बदललं जात नाही, तिथे मी ती सुचवत नाही. तुमच्याकडे ते शेवटचं कधी बदललं, आठवतंय का?

डेमो बघायला जाल तेव्हा तुमच्याच घरची दुधाची पिशवी थंड डब्यात घालून न्या. दुकानात ते टेट्रापॅकचं, फेसाला सोयीचं दूध वापरतात. आणि कॅपुचिनो पिऊन झाल्यावर विक्रेत्याला म्हणा, 'आता हे सगळं सुटं करून धुऊन दाखवा.' त्याला किती वेळ लागतो, ते घड्याळात बघा.